मोजणीच्या दिवशी आई मोरीपलीकडे होती

माझी आई पळण्यात पटाईत होती. हे मी अभिमानाने सांगतेय, हसायचं असेल तर हसा. साठीला टेकलेली, गुडघे कुरकुरणारी बाई तापलेला तवा, स्टोव्ह, पिठाचा डबा आणि चार चाकांची हातगाडी घेऊन दोन मिनिटांत रस्त्यावरून अशी गायब व्हायची, की मागे फक्त भाजलेल्या पिठाचा वास उरायचा. वास उचलून टेम्पोत टाकता येत नाही म्हणून, नाहीतर अतिक्रमणवाल्यांनी तोही नेला असता.

उल्हासनगरचा कॅम्प पाच जिथे संपतो आणि अंबरनाथ सुरू होतं, तिथल्या एका गल्लीत तिची गाडी लागायची. गल्लीच्या टोकाला नाला आहे आणि नाल्यावर मोरी, म्हणजे एक ट्रक कसाबसा जाईल एवढा पूल. मोरीच्या अलीकडे एक पालिका, पलीकडे दुसरी. अलीकडे कुठली आणि पलीकडे कुठली ते सांगत बसत नाही, कारण ह्या गोष्टीत पालिकेची चूक कमी आणि माझी जास्त आहे. तर अलीकडच्या पालिकेची अतिक्रमणची गाडी आली की सगळे फेरीवाले आपापल्या गाड्या ढकलत मोरीपलीकडे जायचे. तिथे त्या पालिकेची हद्द संपायची. अतिक्रमणवाले मोरीच्या ह्या तोंडाशी उभे राहून बघायचे, आमचे लोक त्या तोंडाशी उभे राहून बघायचे, आणि थोड्या वेळाने दोन्ही पार्ट्या कंटाळून आपापल्या कामाला लागायच्या. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं.

बाबांची एमआयडीसीतली कंपनी बंद पडली तेव्हा आईने ही गाडी लावली. बाबा गेले, गाडी राहिली. ज्वारीची भाकरी, तांदळाची भाकरी, झुणका, ठेचा आणि सुकटीची चटणी. पावसाळ्यात बारवी धरणाकडच्या वाडीवरची एक मावशी डोक्यावर पाटी घेऊन यायची, तिच्याकडचा टाकळा नाहीतर कुर्डूची भाजी. गिऱ्हाईक म्हणजे जीन्स शिवणारे कारागीर, रिक्षावाले, दुकानांतली पोरं. यूपी-बिहारकडचे कारागीर पहिल्यांदा भाकरी हातात घेऊन पुढून मागून बघायचे, आणि महिन्याभरात 'मौसी, वो हरा वाला तीखा और देना' म्हणत ठेचा मागायचे. आई भाकरी हातावर थापायची, परातीत नाही. दोन्ही तळहातांत फिरवत मोठी करत न्यायची आणि तव्यावर टाकायची. बघायलाच चार माणसं थांबायची.

तिच्या शेजारी पकवानवाले काका. सिंधी माणूस, आईपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. दाल पकवान म्हणजे तळलेली कडक पुरी आणि तिच्यावर घट्ट चणाडाळ, कांदा, चटणी. कॅम्पातल्या निम्म्या घरांची रविवारची न्याहारी तीच. काका आईला 'अदी' म्हणायचे, म्हणजे बहीण, आणि आई त्यांना तोंडावर 'साईं' आणि पाठीमागे 'आमचा म्हातारा' म्हणायची. सावली कुणाच्या गाडीवर जास्त पडते ह्यावरून दोघं रोज भांडायचे. आणि रोज सकाळी पहिलं पकवान आईला आणि पहिली भाकरी काकांना, हाही नेम होता. फक्त काकांना सुकट दाखवायची नाही. त्यांनी कुठल्याशा दरबारात नाम घेतलं होतं, मासे-मटण वर्ज्य.

काकांना पळता यायचं नाही. एक तर गुडघा, आणि दुसरं म्हणजे उकळत्या तेलाची कढई. कढई घेऊन कोण पळणार? त्यामुळे दर वेळी तेच सापडायचे. शेगडी जायची, कधी झारा जायचा, एकदा डाळीचं पातेलं डाळीसकट गेलं. काका हात जोडून उभे राहायचे, दंडाची पावती घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी नवा झारा घेऊन हजर. आई म्हणायची, ह्या म्हाताऱ्याला बाजारात झाऱ्यांचं दुकान टाकून दिलं असतं तर परवडलं असतं.

आता माझं. मी झेरॉक्सच्या दुकानात काम करते. दुकान पालिकेच्या फाटकासमोर. दाखले, अर्ज, प्रतिज्ञापत्रं, त्यांच्या प्रती काढायच्या, टाइप करायचं, लॅमिनेशन करायचं. माझ्या टेबलावरून फाटक सरळ दिसतं. अतिक्रमणची ती निळी, मागे जाळीची गाडी फाटकातून बाहेर पडली की मी आईला फोन लावायचे आणि एकच शब्द बोलायचे, निघाली. आई फोन ठेवायची पण नाही, कमरेला खोचून थेट हाक घालायची आणि सगळी गल्ली मोरीकडे हलायची. मी कामाला लागल्यापासून आई एकदाही सापडली नाही. गल्लीतले लोक तिला म्हणायचे, मावशी, तुमची पोरगी म्हणजे आपलं हवामान खातं आहे. आणि आई वर मान करून म्हणायची, हवामान खात्याचं चुकतं, माझ्या पोरीचं चुकत नाही.

ह्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं जगले. बारावीनंतर शिकले नाही, लग्न केलं ते टिकलं नाही, आईच्याच घरी परत आले. पण आईची गाडी माझ्या फोनवर वाचत होती. एवढं तरी आपल्या हातून होतंय, असं मला वाटायचं.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास निळी गाडी फाटकातून बाहेर पडली. माझा हात मशीनवर होता, दुसऱ्या हाताने फोन लावला. निघाली. आईचं उत्तर आलं नाही, म्हणजे ती निघाली होती. मी पुन्हा कुणाचं तरी रहिवासी दाखल्याचं काम करायला लागले.

पुढचं मला आईने आणि काकांनी सांगितलं, दोघांनी दोन तऱ्हांनी, पण मथितार्थ एकच. गल्ली रिकामी झाली. आईच्या तव्यावर भाकरी होती, ती तशीच तव्यासकट घेऊन ती मोरी ओलांडून गेली. काका नेहमीप्रमाणे कढईपाशी हात जोडून उभे. गाडी थांबली, पण त्यातून दांडगे मजूर उतरलेच नाहीत. उतरली एक मुलगी, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, आणि तिच्याबरोबर एक कारकून. दुसरी गाडी मिळाली नव्हती म्हणून त्यांना अतिक्रमणच्या गाडीतून पाठवलं होतं. त्या दिवशी फेरीवाल्यांची मोजणी होती. जो माणूस आपल्या जागेवर आपल्या मालासकट उभा असेल, त्याचा तिथेच फोटो काढायचा, नाव लिहायचं. ज्याचं नाव लागेल त्याला पुढे परवाना आणि बसायला हक्काची जागा.

काकांच्या डोक्यात प्रकाश पडला तेव्हा ते मोरीकडे तोंड करून दोन्ही हात हलवायला लागले. या, परत या, असं त्यांना म्हणायचं होतं. पलीकडून आईने बघितलं आणि सगळ्यांना सांगितलं, बघा, म्हातारा सांगतोय अजून लांब जा, आज मोठी धाड दिसतेय. आणि सगळी मंडळी अजून शंभर पावलं मागे सरकली. काका लंगडत मोरीपर्यंत पोचेस्तोवर मुलीने रिकाम्या गल्लीचा फोटो काढला होता आणि गाडी वळली होती. त्या गल्लीत फेरीवाला किती, तर एक.

आईने हे मला संध्याकाळी सांगितलं ते हसत हसत सांगितलं. होतं असं, पुन्हा येतील, म्हणाली. मीही हसले. दुसऱ्या दिवशी दुकानात टेबलाचा खण आवरताना कोऱ्या पाठीचे कागद चाळत होते. मशीनमधून वाकडे निघालेले, वाया गेलेले कागद मी फेकत नाही, मागच्या बाजूला हिशोब-निरोप लिहायला ठेवते. त्यातला एक कागद उलटला. फेरीवाला सर्वेक्षणाची जाहीर सूचना. तारीख, वेळ आणि आमच्या गल्लीचं नाव. आठवड्यापूर्वी पालिकेचा शिपाई आला होता, दोनशे प्रती काढून द्या म्हणाला होता, आणि मी त्या माझ्या हातांनी काढल्या होत्या. मोजून, थप्पी ठोकून, रबर लावून दिल्या होत्या. वाचली नव्हती. दिवसभर इतके कागद हाताखालून जातात, की मी अक्षरं बघतच नाही, फक्त समास सरळ आलाय का ते बघते.

गल्लीतही एक प्रत चिकटवली होती म्हणे. तिच्यावर दुसऱ्याच दिवशी कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर लागला. पण त्या बॅनरला मी काय बोलणार? त्या सूचनेचा पहिला वाचक मी होते. मी तो कागद चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला आणि आईला सांगितलं नाही. सांगेन, उद्या सांगेन, असं करत दोन वर्षं गेली.

त्या दोन वर्षांत मी किती अर्ज केले ते विचारू नका. मशीन माझंच, कागद माझाच, अर्ज टाइप करायला मी उजवी. पुरवणी मोजणी होईल, असं खिडकीवरचा माणूस म्हणायचा आणि तो खोटं बोलत नव्हता, त्यालाही तसंच सांगितलेलं असायचं. मग गल्लीचं काँक्रीटीकरण निघालं. रस्ता खणला, गाड्या उठल्या. रस्ता झाला तेव्हा दोन्ही बाजूंना कठडे आणि कुंड्या आल्या. ज्यांची नावं लागली होती त्यांना, म्हणजे चार गल्ल्या मिळून जेमतेम वीसेक जणांना, मागच्या अंगाला पत्र्याची शेड बांधून नंबर टाकलेले ओटे दिले. काकांना ओटा मिळाला. बाकीचे पांगले. इडलीवाला गावी गेला. वाडीवरची मावशी आता बदलापूरला पाटी घेऊन बसते. आणि आई घरी बसली.

घरी बसली म्हणजे काय ते सांगते. आई सकाळी उठून परात घ्यायची आणि भाकऱ्या करायला लागायची. आम्ही दोघी माणसं. दोघींना पंचवीस भाकऱ्या. मी ओरडायचे, अगं कुणाला ह्या, तर म्हणायची, हात थांबत नाही गं. मग त्या चाळीत वाटायच्या, विहारात पाठवायच्या. थोड्या दिवसांनी चाळीतल्या बायका कौतुकाने घेण्याऐवजी संकोचाने घ्यायला लागल्या, ते तिच्या लक्षात आलं. त्यानंतर ती मोजून चार करायला लागली. चार भाकऱ्या झाल्या की परातीसमोर तशीच बसून राहायची, पिठाचे हात मांडीवर ठेवून. मला ते बघवायचं नाही. मी डबा उचलायचे आणि निघायचे.

एके दिवशी काका रिक्षा करून आमच्या घरी आले. पहिल्यांदाच. चहा घेतला, पंखा कुठून घेतला विचारलं, भिंतीवरचे फोटो बघितले, बाबांच्या फोटोला हात जोडले. मग मुद्द्यावर आले. त्यांना आता पकवान लाटवत नव्हतं, हात थरथरायचे, कढईची भीती वाटायची. मुलगा मोबाइलचे कव्हर विकतो, त्याला ह्यात रस नाही. आणि गिऱ्हाईक तरी कुठे राहिलंय, कोपऱ्यावर काचेचं मोठं दुकान झालंय, पोरं फोनवरूनच मागवतात. पण ओटा बंद ठेवला तर जागा रद्द होते, असा नियम. म्हणून त्यांचं म्हणणं असं, की अदीने घरी भाकऱ्या कराव्यात, त्यांनी ओट्यावर बसून विकाव्यात. नाव त्यांचं, हात तिचे.

आई लगेच हो म्हणेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, उपकार नकोत, साईं. काका चिडले. म्हणाले, उपकार कसला, मी मोकळ्या ओट्यावर बसून माश्या मारू का? आई म्हणाली, आणि सुकटीचं काय? त्यावर काकांनी रिकामा कप उचलला, पुन्हा खाली ठेवला. शेवटी म्हणाले, "सुकट पण विकेन. वास देवाला नाही येत, मला येतो. मी बघून घेईन."

आणि खरंच विकली. मी डब्याच्या वेळेला शेडमध्ये जाऊन बघायचे. सत्तरीतला तो माणूस, नाकावर रुमाल बांधून, चिमट्याने सुकटीची चटणी भाकरीवर ठेवायचा आणि चिमटा लगेच पाण्यात बुडवायचा. गिऱ्हाईकाने विचारलं काका ताजी आहे ना, की म्हणायचे, मला काय विचारता, मी बघितलेली पण नाही. शेड तशी आडबाजूला, नळ होता पण त्याला पाणी नाही, उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की भाकरी मांडूनच पुन्हा भाजली जायची. तरी जुनी माणसं शोधत आली. दहाच्या वीस झाल्या, वीसच्या तीस. आई पहाटे उठून पुन्हा तळहातावर भाकरी फिरवायला लागली. तिची चाल बदलली. चाळीत कुणाशी तरी भांडलीसुद्धा, तेव्हा मला हायसं वाटलं.

असंच एका रविवारी दुपारी आम्ही दोघी सुकट निवडत बसलो होतो. डोकी मोडायची, वाळू झटकायची. आई मजेत होती, काकांनी एका बाईला ठेचा चटणी म्हणून कसा विकला ते सांगत होती. मला काय झालं कोण जाणे. कदाचित ती मजेत होती म्हणूनच मला ते सहन झालं नाही. मी उठले, पर्समधला तो चार घड्यांचा कागद आणला आणि तिच्यासमोर ठेवला.

"आई, मोजणीची नोटीस मीच छापली होती. आठ दिवस आधी. माझ्या हातानं दोनशे प्रती. वाचली नाही मी. आणि वर तुला पळायला सांगितलं."

आईने कागद उलगडला. ती सावकाश वाचते, शब्दावर बोट ठेवून. पूर्ण वाचला, खालच्या सहीपर्यंत. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने कागद बाजूला ठेवला आणि पुन्हा सुकट घेतली. दोन-चार डोकी मोडली. मग म्हणाली, "आणि इतकी वर्षं फोन करून वाचवलंस, ते मोजलंस का कधी?"

मी रडायला लागले, चांगली भोकाड पसरून, चाळीस वर्षांची घोडी. आईच्या हातांना सुकटीचा वास होता म्हणून तिने मनगटाने माझे केस मागे सारले. म्हणाली, बास आता, आधीच खारट आहे ती, अजून खारट करू नकोस. त्या दिवशी मला माझ्या आईवर इतकं प्रेम आलं की काय सांगू. आणि तरीही एक गोष्ट जागच्या जागीच होती. तिचं नाव कुठेच नव्हतं. काकांचं वय होतं, उद्या ते नसले की ओटा गेला आणि भाकरीही गेली. हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

म्हणून ओट्यांच्या फेरतपासणीची नोटीस दुकानात छापायला आली तेव्हा मी तिचा शब्द न् शब्द वाचला. परवानाधारकाने मालासह ओट्यावर हजर राहावे. मदतनीस असल्यास त्याची नोंद करण्यात येईल. मदतनीस. मी तो शब्द तीनदा वाचला. खिडकीवर जाऊन विचारलं, मदतनीस कोणीही चालतो का? खिडकीवरचा म्हणाला, त्या दिवशी समोर उभं करा, बघू. मी घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, बघू म्हणजे काय ते मला कळतं. पण त्या दिवशी सकाळी तिने ट्रंकेतली पांढरी साडी काढली, निळ्या काठाची, पौर्णिमेला विहारात जाताना नेसते ती.

दहा वाजता जीप निघालेली मी टेबलावरून बघितली आणि फोन लावला.

"आई, निघाली. आज हलू नकोस, उभी राहा."

मालकाला सांगून मीही रिक्षा पकडली. पोचले तेव्हा टॅबवाली मुलगी काकांच्या ओट्यापाशी आली होती. तीच मुलगी, मोजणीच्या दिवशीची, काकांनी ओळखली. ओट्यावर भाकऱ्यांची थप्पी, झुणका, ठेचा, सुकटीचा झाकलेला डबा. काका मध्ये आणि त्यांच्या शेजारी आई, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, फोटोला उभं राहतात तशी. मुलीने विचारलं, ह्या कोण? काका म्हणाले, मदतनीस, बहन है मेरी. मुलगी म्हणाली, बहीण चालत नाही काका, नवरा, बायको, मुलगा, मुलगी, एवढंच घेतं हे. तिने टॅब आमच्याकडे वळवून दाखवला सुद्धा. चारच नाती होती त्यात. वाईट मुलगी नव्हती ती. मला हळूच म्हणाली, ताई, माझ्या हातात असतं तर मी केलं असतं.

मग तिने टॅब उभा धरला आणि आईला म्हणाली, "मावशी, जरा बाजूला व्हा ना. तुम्ही फोटोत येताय."

आई एक पाऊल सरकली. मुलगी म्हणाली, अजून थोडं. आई अजून सरकली, पत्र्याच्या सावलीतून बाहेर, उन्हात. साडी एकदम डोळ्यात भरण्याइतकी पांढरी दिसायला लागली. काकांनी ओट्यावर हात आपटला. म्हणाले, तर मग माझं पण नाव काढून टाक, ज्याची भाकरी त्याचं नाव नाही तर मला नको ओटा. मुलगी घाबरली. नाव काढलं की हा ओटा सोडतीत जाईल, म्हणाली. काका ऐकायला तयार नव्हते, त्यांचा आवाज चढला, दोन ओटेवाले जमा झाले. मी काहीतरी बोलायला पुढे झाले, पण आईच परत आत आली.

"साईं, गप बसा," ती म्हणाली. थप्पीतली सगळ्यात वरची भाकरी उचलून तिने काकांच्या हातात दिली, दोन्ही हातांनी नीट, छातीशी धरायला लावली. "मी नाही तर नाही. भाकरी तरी येऊ दे फोटोत."

आणि पुन्हा स्वतःहून उन्हात जाऊन उभी राहिली. काकांनी भाकरी धरली. एका हाताने नाकावरचा रुमाल खाली ओढला आणि भाकरी पुन्हा दोन्ही हातांनी धरली. त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. मुलीने फोटो काढला. मग बराच वेळ टॅबवर काहीतरी टाइप करत राहिली. जाताना सांगून गेली की विक्रीची वस्तू म्हणून जुनं 'दाल पकवान' काढून 'भाकरी' टाकलंय, तेवढं तिला करता येत होतं.

नवा परवाना महिनाभराने आला. काकांनी तो लॅमिनेशनला माझ्याच दुकानात आणला आणि मी तो आधी आईला दाखवायला घरी नेला. फोटो त्यांनी कापून लहान केला होता, पासपोर्टसारखा. काकांचा चेहरा, खांदे, आणि खालच्या कोपऱ्यात भाकरीची बोटभर कड. माहीत नसेल त्याला ती काय आहे ते कळलंही नसतं. आईने चष्मा लावला, खिडकीपाशी गेली. काकांचं नाव वाचलं, ओटा नंबर वाचला, 'भाकरी' हा शब्द वाचला, मग तिचं बोट फोटोच्या त्या कोपऱ्यावर येऊन थांबलं आणि तिथेच राहिलं.

"कच्ची राहिलीय कड," ती म्हणाली.

मी म्हटलं, एवढं काही दिसत नाही गं त्यात.

"मला दिसतंय," आई म्हणाली.